कॅम्पर व्हॅनमध्ये 150 एएच ट्युब्युलर: गोव्यातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

मीटरवर 12.4 व्होल्ट, आणि तरी फ्रिज मध्यरात्रीनंतर 'लो व्होल्टेज' दाखवून बंद. मे महिन्यात असं झालं की सकाळपर्यंत मासळीही जाते आणि दूधही. मोरजी, आगोंदसारख्या किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये ही तक्रार सर्रास आहे आणि दोष दर वेळी बॅटरीच्या माथी मारला जातो. हे परीक्षण 150 एएच (अँपिअर-अवर, साठवणीचं माप) ट्युब्युलरचं, म्हणजे नळीदार प्लेटांच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आहे; पण आधी या तक्रारीचाच निकाल लावतो.

दोष केबलचा आणि लगचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाचा) आहे. बॅटरी-इन्व्हर्टरच्या सेटसोबत 'कॉपर' म्हणून दिलेली वायर चाकूने खरवडून पाहिली, तर आतून चंदेरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या अस्सल तांब्याच्या साधारण दीडपट असतो. त्यात खारी हवा आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून उडणारी ॲसिडची वाफ लगच्या तोंडाशी शिरली की आतली तार पांढरी भुकटी होते. बाहेरून लग चकचकीतच दिसतो. दहा-पंधरा हजारांच्या पुढची वस्तू विकताना अडीचशे-तीनशे रुपयांच्या वायरीत वाचवायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. डीलरचा माणूस आला, लोड टेस्टर लावला, 'बॅटरी ओके' म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. वायरीकडे त्याने पाहिलंही नाही.

हिशेब सोपा आहे. 2.5 एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर छेदाच्या) अस्सल तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे 7.4 मिलिओहम. फ्रिज बॅटरीपासून 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 74 मिलिओहम. कॉम्प्रेसर चालताना 5 अँपिअर घेतो, तेव्हा 0.37 व्होल्ट वायरीतच जातात. सुरू होताना 10 अँपिअर खेचले तर 0.74. ही झाली चांगल्या तांब्याची गोष्ट. मुलाम्याच्या वायरीत आणि सडक्या लगमध्ये हाच आकडा सव्वा व्होल्टच्या पुढे सहज जातो. रात्री लोडवर बॅटरी 12.1 ला असेल तर फ्रिजला 11 सुद्धा मिळत नाहीत, आणि त्याचं प्रोटेक्शन (व्होल्टेज उतरला की फ्रिज बंद करणारं सेटिंग) 'हाय'वर ठेवलेलं असेल तर तो बंद पडणारच.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त लोड चालू हवा. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. दुसरं टोक त्याच केबलच्या तांब्यावर, लगच्या पलीकडे. 0.05 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड उघडायचा. मग हेच फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, आयसोलेटरच्या (लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) दोन्ही बाजूंना, आणि शेवटी मायनस खुंटीपासून चासीच्या धातूपर्यंत. हा शेवटचा जोड सगळे विसरतात. अर्थचा बोल्ट बहुतेक वेळा रंगावरच आवळलेला असतो आणि लाल चिखल व खारं पाणी थेट त्याच्यावर उडतं. चोडण बेटाच्या फेरीबोटीतून सतत ये-जा असेल तर दर दोन महिन्यांनी तो उघडून बघाच. 10 मिलिओहमचा एक खराब जोड अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) 40 अँपिअरला 0.4 व्होल्ट खातो आणि 16 वॉटची उष्णता तिथेच सोडतो. मग पणजीहून अनमोड घाट चढून गेलात तरी मागची बॅटरी अर्धवटच भरते.

दुरुस्ती एकदाच आणि नीट करावी. फ्रिजला 6 एमएमची टिन केलेली तांब्याची वायर घातली की तेच 0.37 चं नुकसान 0.15 व्होल्टवर येतं. मेन लाइनला किमान 16 एमएम, टिन केलेले लग. क्रिंपिंग, म्हणजे लग तारेवर दाबून बसवणं, हायड्रॉलिक पक्कडीने. हातोडीने ठोकलेला लग चालणार नाही. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी. जुनी खुंटी धुवायला लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम खाण्याचा सोडा, झाकणं घट्ट लावूनच, कारण सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मरतं. नट आवळून झाल्यावर मग वरून व्हॅसलीन. प्लसवर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा; 600 वॉटचा इन्व्हर्टर 60 अँपिअरपर्यंत घेतो, त्याला 80 चा पुरतो. काम करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा.

आता बॅटरीबद्दल. केबल बदलण्याआधी हिला पाचपैकी दोनच तारे दिले असते. बदलल्यावर मत फिरलं. एक गोष्ट मात्र डीलर सांगत नाहीत: ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता) भरलेली असताना 1.240 च्या आसपास असते, गाडीच्या बॅटरीची 1.270 च्या. सेलचा व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटी अधिक 0.84 असं धरा, सहाने गुणा. ट्युब्युलर भरलेली असताना, काही तास विश्रांतीनंतर 12.5 दाखवते, गाडीची 12.66. त्यामुळे 12.7 ची वाट पाहत चार्जर लावून ठेवणारे पाणी उडवत बसतात, आणि गाडीच्या बॅटरीचा तक्ता पाहून 'ऐंशी टक्केच भरते' अशी तक्रारही होते. ही ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, तोच खरं सांगतो. सहा सेलमध्ये 0.030 पेक्षा जास्त फरक दिसला तर इक्वलायझिंग, म्हणजे सगळे सेल सारखे करणारं जास्तीचं चार्जिंग: 15 ते 15.5 व्होल्टवर दोन-तीन तास, फ्रिज आणि दिवे काढून ठेवून, दारं उघडी टाकून. त्यानंतरही एक सेल 0.050 ने खाली राहिला तर तो सेल गेला, आणि मग वॉरंटी कार्ड बाहेर काढा. कार्डावर 'घरगुती इन्व्हर्टर वापर' असं छापलेलं असेल तर गाडीतला क्लेम नाकारतात; घेण्याआधी बिलावर काय लिहून घेता ते बघा.

सोलर पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर स्वस्तातला निळा पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा) असेल तर तो बहुधा बी1 म्हणजे सील्ड बॅटरीवर सेट असतो. बी3 वर, म्हणजे पाणी घालायच्या बॅटरीवर आणा, मग 14.6 पर्यंत चढवेल. उंच ट्युब्युलरमध्ये जड ॲसिड तळाशी बसतं. बुडबुडे आल्याशिवाय ते ढवळलं जात नाही आणि 13.8 वर बुडबुडे येत नाहीत. त्याच कंट्रोलरचा लोड बंद करण्याचा आकडा 10.7 असतो, तो 11.8 वर घ्या. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

पाणी महिन्यातून एकदा, चार्ज झाल्यावर. फक्त डिस्टिल्ड. एसीचं गळणारं पाणी किंवा आरओचं पाणी घालू नये. बॅटरीच्या पेटीची हवा जायची नळी वरच्या बाजूने गाडीबाहेर काढा. हायड्रोजन वर चढतो आणि हवेत 4 टक्के झाला की पेटतो. झोपायच्या जागेखाली ही बॅटरी असताना हे टाळून चालणार नाही.

चवथीनंतरची भर. पावसाळ्याने मत पुन्हा थोडं खाली आणलं. 200 वॉटचं पॅनेल मार्चमध्ये दिवसाला 55 एएच देतं आणि फ्रिज गोव्याच्या उकाड्यात 45 ते 50 खातो, म्हणजे उन्हाळ्यातही जेमतेम तोंडमिळवणी. जुलैत ढगांखाली त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आशा ठेवावी. अर्धी उतरलेली ट्युब्युलर 15 अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला नऊ-दहा तास घेते, घाईने भरत नाही. आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती क्षमता परत येत नाही. त्यामुळे जूनपासून गाडी दारात उभी असेल तर घरच्या लाइनवरून 13.6 चा फ्लोट (भरलेली ठेवणारं सततचं हलकं चार्जिंग) द्यावा, किंवा निदान पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर चार्जिंग.

लिथियम घ्यावी का? 100 एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी) जवळजवळ दुप्पट पैसे घेते, वजन मात्र 12 किलोच्या आसपास, तर ट्युब्युलर 55 किलोच्या वर. अर्धवट राहिली तरी तिचं बिघडत नाही, वाफ नाही, म्हणून लगही जास्त टिकतात. पण अल्टरनेटरला सरळ जोडू नका: ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) मधेच तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. मीटरवरही भरवसा नाही; 13.2 दिसत असताना ती 70 टक्के असू शकते किंवा 45, म्हणून शंट मॉनिटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा) हवा. हे सगळं धरलं की खर्च तिपटीवर जातो.

वर्षभर सतत फिरणाऱ्यांनी तो खर्च करावा. चार महिने गाडी अंगणात आणि जवळ प्लग, अशांना ट्युब्युलर पुरते. माझे साडेतीन तारे बॅटरीला. सेटमधल्या केबलला एकही नाही. ती दुकानातच परत द्या आणि बिलातून तेवढे पैसे कमी करून घ्या.