पाताळपाणी–कालाकुंड सहल : गाडी छान, माहिती उणी

इंदूरमधील एका सहल-आयोजकाकडून आम्ही घरची चौघे श्रावणात पाताळपाणी–कालाकुंड या एकदिवसीय सहलीस गेलो. रामबागेतून वेळेवर निघालेली बस, वाटेतले पोहे आणि हेरिटेज गाडीची (जुन्या घाटमार्गावरील पर्यटक रेल्वेची) आगाऊ काढलेली तिकिटे ही सारी व्यवस्था चोख होती. जाहिरातीत मात्र ‘होळकरांच्या रेल्वेचा इतिहास जाणकारांकडून’ असे ठळक छापले होते, आणि माझी तक्रार नेमकी त्याबाबत आहे.

मार्गदर्शकाने ‘ही लाइन इंग्रजांनी आपल्या पैशाने बांधून इंदूरला दिली’ असे सांगितले. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मुंबई–जबलपूर या मुख्य मार्गावरील खंडव्यापासून आपल्या राजधानीपर्यंत रेल्वे यावी, यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर, एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि त्या पैशातून हा मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग उभा राहिला. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही या साऱ्या कथेतील सर्वांत रंजक गोष्ट, आणि तीच सहलीतून गळली होती.

घाटाचेही तसेच झाले. पाताळपाणी ते कालाकुंड हे अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे असले तरी त्यात १:४० इतका, म्हणजे चाळीस मीटर पुढे जाताना एक मीटर खाली उतरणारा, तीव्र उतार आहे. वर येणाऱ्या गाड्यांना कालाकुंडला मागून रेटणारे जादा इंजिन जोडावे लागे आणि खाली जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक पाताळपाणीला तपासले जात. तेथे गाडी इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाला सलामी देण्यासाठी थांबते, ही लोकांची श्रद्धा मार्गदर्शकाने रंगवून सांगितली, ते योग्यच होते; पण तिच्या शेजारी ब्रेकची गोष्टही सांगता आली असती. हाच उतार ब्रॉडगेजला, म्हणजे आजच्या रुंद रुळांच्या मार्गाला, पेलणारा नसल्याने नवा मार्ग घाट टाळून आखला गेला. २०२३ च्या आरंभी महू–ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडी बंद झाली, तरी २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हेरिटेज गाडीमुळे एवढा तुकडा तगला.

गाडीविषयी मात्र तक्रार नाही. मोठ्या काचांतून दिसणारी चोरल नदी, बोगद्यात शिरताच मुलांनी केलेला गलका आणि कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद, यांसाठी पुन्हा जावेसे वाटते. (कलाकंद दोनदा घेतला, हे कबूल करतो.)

खरा इतिहास आम्हाला माझ्या आईकडून कळला. तिचे माहेर अकोल्याचे. इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा अशी जाणाऱ्या मीनाक्षी एक्सप्रेसने ती लग्नानंतर कितीतरी वर्षे याच घाटातून गेली होती. मागचे इंजिन लागताना बसणारा धक्का तिने इतका हुबेहूब सांगितला की शेजारच्या बाकावरील मंडळीही मार्गदर्शकाला सोडून तिच्याकडे वळली.

नवख्या पाहुण्यांसाठी ही सहल सोयीची आहे. पाचापैकी तीन तारे. आम्ही मात्र पुढच्या वेळी तिकिटे स्वतःच काढू आणि आईला खिडकीची जागा देऊ.