‘अनलिमिटेड’ रस्सा, फक्त दोन वाट्या

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या ज्या खानावळीबद्दल मी लिहीत आहे तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण तिथल्या आचाऱ्याशी माझे काहीही भांडण नाही. भांडण आहे ते तिथल्या नव्या मेनूकार्डाशी. वर्षानुवर्षे काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या चार ओळींवर चालणारी ही जागा गेल्या दिवाळीनंतर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ झाली आणि फळ्याच्या जागी आठ पानांचे, चकचकीत, इंग्रजी कार्ड आले. रविवारी रात्री आम्ही तिघे गेलो होतो: मी, पत्नी आणि पुण्याहून सुट्टीला आलेला, इंग्रजी माध्यमात आठवीत शिकणारा भाचा.

जेवणाचे आधी सांगतो. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यातलाच होता, नारळाचे दूध आणि खसखस यांचे प्रमाण नेमके होते आणि काजूची पेस्ट ओतून तो दाट करण्याचा हल्लीचा प्रकार नव्हता. तांबड्यावर कट होता, पण तो घसा जाळत नव्हता. सुक्या मटणाचा तुकडा बोटाने सुटत होता आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. चवीला पाचपैकी साडेचार गुण द्यायला माझी ना नाही.

आता कार्ड. पहिल्याच पानावर ‘होममेड घरगुती मटण थाळी’ असून तिच्यात ‘रेड तांबडा रस्सा’ आणि ‘व्हाइट पांढरा रस्सा’ मिळतो, म्हणजे रंगाबद्दल शंका राहू नये याची दुहेरी तजवीज केलेली आहे. पुढे ‘नान ब्रेड’ आणि शेवटच्या पानावर ‘चाय टी’. हे दोन शब्द मात्र आमच्या मालकांनी घडवलेले नाहीत, ते खुद्द इंग्रजीत रुळलेले आहेत. फारसीत नान म्हणजे रोटीच. आणि ‘चाय’ व ‘टी’ ही एकाच चिनी शब्दाची दोन रूपे, एक खुष्कीच्या मार्गाने इराणवरून आलेले, दुसरे फुजियान किनाऱ्यावरून डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेलेले. परका शब्द घरात आला की त्याचा अर्थ कोणाला दिसत नाही, म्हणून त्याच्या शेजारी ओळखीचा शब्द बसवला जातो. भाचा यावर खूप हसला, तेव्हा मी त्याला सांगितले की पोर्तुगीज भाषेत ‘पाव’चा अर्थच रोटी आहे, त्यामुळे आपण लहानपणापासून चहात बुडवून खाल्ली ती पावरोटीसुद्धा रोटी-रोटीच होती.

‘सी फूड’च्या पानावर ‘जम्बो श्रिंप फ्राय’ होते. जम्बो हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचे नाव. १८८२ मध्ये एका अमेरिकन सर्कसवाल्याने तो विकत नेला आणि त्याची इतकी जाहिरात झाली की हे नाव ‘अवाढव्य’ या अर्थाने भाषेत पक्के बसले. उलट ‘श्रिंप’ हा शब्द इंग्रजीत किरकोळ अंगकाठीच्या माणसालाही लावतात. म्हणजे कार्डावर हत्तीएवढे चिलट होते. ताटात आल्या त्या माझ्या करंगळीच्या पेराएवढ्या सहा कोळंब्या, त्यामुळे दोन शब्दांपैकी खरा कोणता हे लगेच कळले. अशा परस्परविरोधी शब्दजोडीला इंग्रजीत ‘ऑक्सिमोरॉन’ म्हणतात आणि तो ग्रीक शब्द स्वतःच ‘तीक्ष्ण’ आणि ‘खुळा’ या दोन शब्दांची जोडी आहे. ज्या गावात सर्वोच्च प्रशंसा ‘नाद खुळा’ या शब्दांत होते, तिथे हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

‘गोट मटन’ या शब्दांवर एखादा इंग्रज अडखळेल, कारण त्याच्या भाषेत मटन मेंढीचेच असते. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचे राज्य आले, तेव्हा गोठ्यातल्या जनावराचे नाव शेतकऱ्यांच्या भाषेत राहिले आणि ताटातल्या मांसाचे नाव राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आले. त्यामुळे तिकडे मेंढी खाल्ल्यासारखे वाटतच नाही. आपल्याकडे मुंडीला मुंडी, पायाला पाया आणि रक्तीला रक्ती म्हणूनच मागवतात. या कार्डाने मात्र तिन्ही पदार्थ ‘शेफ्स स्पेशल डेलिकसीज’ या एका बुरख्याखाली ढकलले आहेत. काय मागवायचे ते वेटरला विचारावेच लागते, आणि तो बिचारा मराठीतच सांगतो.

माझी खरी तक्रार चौथ्या पानावरची आहे. तिथे ठळक अक्षरांत ‘अनलिमिटेड रस्सा’ आणि त्याखाली, चष्मा पुसून वाचावे लागेल अशा अक्षरांत, ‘दोन वाट्यांपर्यंत’. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा वेटर खालच्या आवाजात म्हणाला, “काका, लिमिट संपली की ओ.” कोल्हापुरात मटणाच्या ताटावर रस्सा मोजून वाढणे हा प्रकार मी प्रथमच पाहिला. दोनच वाट्या द्यायच्या असतील तर तसे सरळ लिहावे, कोणी उठून जाणार नाही.

हात धुवायला गेलो, तर दारावर ‘वॉशरूम’ आणि आत नळाला पाणी नाही. इंग्रजांना या खोलीचे नाव घेण्याची फार लाज वाटते. ‘टॉयलेट’ हा शब्दही मुळात फ्रेंचमधल्या लहान कापडाचा, मग साजशृंगाराचा, आणि वापरून वापरून त्याला वास येऊ लागल्यावर ‘रेस्टरूम’ आणि ‘वॉशरूम’ आले. आपण तरी काय वेगळे केले? ‘शौच’ म्हणजे शुद्धता.

बिलात ‘जीएसटी टॅक्स’ होता, म्हणजे करावरचा कर, पण रक्कम पाच टक्केच असल्याने तो दोष व्याकरणापुरता राहिला. त्याखालची ‘व्हॉलंटरी सर्व्हिस चार्ज’ ही ओळ मात्र न विचारता लावलेली होती. हॉटेलांनी सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे. मी ‘व्हॉलंटरी’वर बोट ठेवून माझी इच्छा नसल्याचे सांगितले. मालकांनी वाद न घालता ती रक्कम वजा केली आणि वर बडीशेपेची वाटी पुढे सरकवली. कार्डात हिला ‘कॉम्प्लिमेंटरी फ्री माउथ फ्रेशनर’ म्हटले आहे.

साडेदहा वाजून गेले होते. मालक गल्ल्यावरून उठले, अर्धे शटर ओढले आणि नम्रपणे म्हणाले, “बसा निवांत, आम्ही आता हॉटेल वाढवतोय.” भाच्याने माझ्या कानाशी येऊन विचारले, “मामा, एवढ्यात दुसरी ब्रँच?”