शाळेचं व्हाउचर: माझ्याकडून पाचपैकी चार स्टार

ज्यांना व्हाउचर म्हणजे काय हेच माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सरकार एका मुलामागे शाळेवर जो खर्च करतं तो पैसा शाळेला न देता मुलाच्या नावावर लावायचा, आईबाप जी शाळा निवडतील तिथे तो जाणार, शाळा बदलली की पैसापण मुलाच्या मागोमाग. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने हे 1955 सालीच मांडलं होतं, शिक्षणाचा पैसा सरकारने द्यावा पण म्हणून शाळापण सरकारनेच चालवल्या पाहिजेत असं काही नाही.

मला हे एवढं का पटतं ते सांगते. माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा त्याचं वाचन अडलं होतं, जोडाक्षर आलं की गाडी थांबायची, चार वेळा शाळेत जाऊन बोलले, दरवेळी "बघू", शेवटी तोंडावर म्हणाले पटत नसेल तर काढा त्याला. आम्ही काढणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, दुसरीकडची फी आम्हाला झेपणारी नव्हती. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आजही शाळा निवडतातच ना, फी भरून किंवा चांगल्या शाळेजवळ घर घेऊन, त्यावर कोणी काही बोलत नाही, पण गरिबाने निवडायचं म्हटलं की लगेच "त्यांना काय कळतंय". हे ऐकलं की खरंच राग येतो मला. अमेरिकेत मिलवॉकीला 1990 मध्ये ही योजना सुरू झाली ती फक्त कमी उत्पन्नाच्या घरांसाठी, आणि ती लावून धरली पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदारबाईंनी, त्यामुळे ही श्रीमंतांची मागणी आहे असं म्हणणाऱ्यांनी तो इतिहास जरूर बघावा.

आता रिझल्ट. वॉशिंग्टन डीसीत व्हाउचर लॉटरीने दिलं, त्यात नंबर लागलेल्यांपैकी 82 टक्के मुलांनी हायस्कूल पूर्ण केलं, न लागलेल्यांपैकी 70 टक्के. मार्कांचं चित्र मात्र एवढं छान नाही, अमेरिकेतल्याच लुईझियाना राज्यात तर व्हाउचरची मुलं गणितात चक्क मागे पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आंध्रमध्ये 2008 पासून खेड्यापाड्यांत लॉटरी काढून प्रयोग झाला, चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच, हिंदीत व्हाउचरवाली पुढे, आणि त्या खाजगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. लोक यातलं "मार्क सारखेच" एवढंच सांगतात, मला तो खर्चाचा आकडा जास्त मोठा वाटतो कारण उरलेल्या पैशात त्याच मुलांसाठी किती काय करता येईल.

पण वाटेल ते व्हाउचर चालत नाही, नियम बघूनच घ्यायचं. चिलीत 1981 ला आणलं, तिथे शाळा स्वतःच मुलं निवडायच्या आणि 1993 पासून वरून फी पण घ्यायला लागल्या, म्हणजे निवड आईबापाची राहिलीच नाही, शाळेची झाली, आणि गरीब मुलं वेगळ्या शाळांत साठत गेली. मग 2008 ला गरीब मुलामागे जास्त रक्कम ठेवली आणि 2015 च्या कायद्याने मुलं निवडणं आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. स्वीडनमध्ये 1992 पासून व्हाउचर आहे पण वरून फी घेता येत नाही, मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याशिवाय व्हाउचर म्हणजे नुसतं डिस्काउंट कूपन.

एक स्टार कापला तो प्रवासासाठी. व्हाउचर हातात आहे, शाळा पसंत आहे, पण ती लांब आणि सकाळी सोडायला घरात कोणी मोकळं नाही, मग आईबाप परत जवळच्याच शाळेत नाव घालतात, जिथून मुलाला काढायचं होतं त्याच. व्हाउचरच्या रकमेत बसचे पैसे धरा, पाचवा स्टार लगेच देते.