कंपनीचं वर्कशॉप की स्वतःचं गॅरेज?
साताऱ्यात आयटीआय करून निघालेली पोरं मला हेच विचारतात. मी सांगतो, आधी दोन-तीन वर्षं वर्कशॉप. पगार ठरलेला, पीएफ कापला जातो, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर हाताशी. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, सेन्सर वाढले. ते काम तिथंच नीट शिकता येतं. नुसतं ऑइल बदलण्यात महिने जातात, हेही खरं.

गॅरेजमध्ये सगळं अंगावर येतं. पसरणी घाट उतरून आलेली गाडी, ब्रेकचा जळका वास, घासलेली क्लच प्लेट. आवाजावरून दोष ओळखणारा कान इथंच तयार होतो, आणि मला हेच काम जास्त प्रिय आहे. उधारी मात्र जीव खाते: टेम्पोवाला ऊस संपल्यावर देतो म्हणतो, स्पेअरवाला रोख मागतो.