सलाईन लावलं म्हणे, पण पायावरचे केस जिथल्या तिथे

जिथे कुत्रा सांभाळायला ठेवायचा, तिथलाच डॉक्टर त्याला आजारी ठरवणार, तिथेच उपचार, तिथलंच बिल, आणि बिल चुकतं होईपर्यंत कुत्रा त्यांच्याच पिंजऱ्यात. अशा जागेला हल्ली ‘क्लिनिक अँड पेट रिसॉर्ट’ म्हणतात. नागपूरच्या रिंग रोडपलीकडे अशा जागा वाढल्यात. त्यातल्या काही चांगल्याही असतील, आमच्या वाट्याला आली ती नव्हती. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण काय काय केलं ते सगळं लिहिते.

ओळख झाली ती त्यांच्या ‘बातम्यां’मुळे. एकदा नखं कापायला नेलं की आपला नंबर त्यांच्या यादीत जातो. मग दर आठवड्याला मेसेज. शहरात पार्वोची (कुत्र्यांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराची) साथ, टिक फीव्हरची म्हणजे गोचिडीच्या तापाची नवी लाट, आपल्याकडे आता डिजिटल एक्स-रे, रिसॉर्टमध्ये स्विमिंग पूल सुरू. यातलं अर्धं खरं असतं, त्यामुळे उरलेलंही खरंच वाटतं. पार्वो असतोच, गोचिडीचा तापही असतोच. पण साथ कोणत्या भागात, किती कुत्री, तपासलं कोणी, यातलं एक अक्षर नसतं. खाली मात्र सवलतीचा भाव, रविवारपर्यंतच. पार्वो मुख्यतः लस न झालेल्या पिल्लांना गाठतो. चार वर्षांच्या, वेळेवर लस झालेल्या कुत्र्याच्या घरी तो मेसेज कशाला पाठवायचा?

आमचा ढब्बू लॅब्राडोर आहे, अगदी शुद्ध नाही, पण भूक शुद्ध लॅब्राडोरची. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न पुण्याला. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर त्या पेटीत ढब्बूला घालून विदर्भ ओलांडायची कल्पनाच नको वाटली. म्हणून हे रिसॉर्ट. एसी रूम, पूल, चोवीस तास सीसीटीव्ही आणि आवारातच दवाखाना, दिवसाला ₹900. आवारात दवाखाना आहे हीच तेव्हा सगळ्यात मोठी सोय वाटली होती.

पहिली मेख लसीची. ढब्बूचं लसीचं पुस्तक अद्ययावत होतं. काउंटरवरच्या मुलानं ते उघडलंही नाही. “बाहेरची लस चालत नाही ताई, आपल्याकडची घ्यावीच लागते, पॉलिसी आहे.” आतून भरलेली सिरिंज आली, टोचली आणि पुस्तकात रबरी शिक्का पडला.

इथे थोडं थांबून सांगते. कुत्र्यांची बहुआजारी लस, जिला दुकानात ‘नाइन इन वन’ वगैरे म्हणतात, ती दोन बाटल्यांत येते. एकीत सुकी वडी, दुसरीत पातळ द्रव. दोन्ही टोचायच्या आधी मिसळायच्या असतात आणि प्रामाणिक डॉक्टर हे तुमच्यासमोर करतो. बाटलीवरचं छोटं लेबल सोलून पुस्तकात चिकटवतो. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. लेबल नसेल तर आत लस होती की नुसतं सलाईनचं पाणी, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाइट किती वेळा जाते ते नागपूरकरांना सांगायला नको. शिवाय लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात. सकाळी टोचून संध्याकाळी वीस कुत्र्यांत सोडलं तर त्या लसीचा त्या मुक्कामाला उपयोग काय? ज्यांना खरंच काळजी असते ते मुक्कामाच्या काही आठवडे आधी लस मागतात, आणि बाहेरच्या डॉक्टरची चालवून घेतात.

भरती करताना त्यांनीच एक फॉर्म भरला. ताप नाही, बाह्य परजीवी नाहीत, प्रकृती उत्तम. खाली त्यांच्याच माणसाची सही. या कागदाचा फोटो नवऱ्यानं सहज काढून ठेवला होता, पुढे तोच कामी आला.

पुण्याला पोचल्यावर रोज संध्याकाळी पाचला व्हिडिओ यायचा. ‘लाइव्ह फ्रॉम पूल!’ ढब्बू पोहतोय, एक मुलगा पिवळा बॉल टाकतोय. लग्नघरात सगळ्यांनी कौतुकानं पाहिले. नवऱ्याला मात्र शंका आली. प्रत्येक व्हिडिओत तोच मुलगा, तोच शर्ट, कठड्यावर तोच टॉवेल तसाच अर्धा लोंबकळलेला. आणि सावली! मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी सावली पायाखाली जाते, 26 तारखेच्या आसपास तर शून्य सावलीचा दिवसच असतो. संध्याकाळी पाचला ती लांबलचक पडायला हवी. व्हिडिओत त्या मुलाची सावली त्याच्या चपलांच्या बाहेर नव्हती. म्हणजे एकाच दुपारी शूटिंग करून तुकडे रोज वाटले जात होते. बरं, ते खरंच रोजचे असतील असं धरलं, तर नवतपात बाराच्या उन्हात कुत्रा उघड्यावर होता. दोन्हींपैकी काहीही असलं तरी वाईटच. व्हिडिओ कॉल मागितला तर नेटवर्क नाही, सीसीटीव्हीची लिंक मागितली तर सर्व्हर डाउन.

मग फोन आला. मॅनेजर म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ, पण त्याले ताप आहे. एकशेचार. प्लेटलेट लय खाली गेल्या. टिक फीव्हर आहे. डॉक्टरसाहेब पाहून राहिले.” कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे 104 म्हणजे ताप खरा. पण पाठोपाठ आलेल्या रिपोर्टवर दवाखान्याचंच नाव. लॅबचं नाव नाही, नमुना कधी घेतला ती वेळ नाही, सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही. प्लेटलेट्स 38 हजार लिहिल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात, म्हणजे आकडा घाबरवणाराच. मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला भाऊजींना पाठवू का? “हलवलं तर रिस्क तुमची,” असं उत्तर मिळालं. या वाक्यानंतर पुण्यात बसलेला माणूस काय करणार?

आणि गोचिडी आल्या कुठून, असं विचारल्यावर: “घरूनच आणल्या असतील ना.” हे उत्तर शास्त्राला धरून आहे, म्हणूनच ते वापरतात. गोचीड चावल्यावर हा ताप दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, तेव्हा मुक्कामाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आलेला ताप आधीच्या चाव्याचा असू शकतो. पण मग त्यांच्याच फॉर्मवर ‘बाह्य परजीवी नाहीत’ कसं?

परतलो ते स्टेशनवरून थेट तिकडे. बिल ₹28,600. बोर्डिंग वेगळं, ‘आयसीयू’ वेगळं, पाच दिवस आयव्ही कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) आणि सलाईन, इंजेक्शनं, दोनदा रक्ततपासणी, ‘हँडलिंग चार्ज’ आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. जीएसटी नंबर कुठेच छापलेला नाही, कागदावर वर लिहिलेलं ‘एस्टिमेट’. पैसे एका खासगी नावाच्या क्यूआर कोडवर टाकायचे. आधी कुत्रा दाखवा म्हटलं, तर आधी पेमेंट. तासाभराच्या हुज्जतीनंतर ढब्बूला आणलं. पोळ्याच्या बैलासारखा सजवलेला, गळ्यात रुमाल, अंगावर अत्तराचा फवारा.

मी खाली बसून त्याचे पुढचे दोन्ही पाय हातात घेतले. माझी मोठी बहीण वर्ध्याकडे गायी-म्हशी पाळते, तिच्याकडून ऐकलेलं होतं. कुत्र्याला शिरेतून सलाईन लावायचं तर बहुतेक वेळा पुढच्या पायावरची शीर घेतात, आणि त्यासाठी तिथले केस मशीननं काढतात. केस काढले नाहीत तर शीर दिसत नाही, चिकटपट्टी बसत नाही आणि जंतूंची भीती राहते. तो चौकोन पुन्हा भरायला आठवडे लागतात. ढब्बूच्या पुढच्या पायांवर चौकोन नव्हता. मागच्या पायांवर नाही. मानेवर नाही. पाच दिवसांचं सलाईन, आणि अंगावरचा एकही केस जागचा हललेला नाही. पंजांच्या गाद्या मात्र भाजून सोललेल्या, कानांच्या आत गोचिडी ठासून भरलेल्या. मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर ‘एसी रूम’ म्हणजे टिनाचं शेड, कोपऱ्यात एक डेझर्ट कूलर, तोही कोरडा.

केस का नाहीत काढले, विचारलं. मॅनेजर म्हणाला, “आपल्याकडे लेझर टेक्निक आहे.” हसावं की रडावं कळेना.

पैसे भरल्याशिवाय कुत्रा सोडत नव्हते आणि ढब्बूला तिथे आणखी एक रात्र ठेवायची आमची तयारी नव्हती. भरले. पण त्यांच्या कागदाच्या प्रतीवर ‘आक्षेप नोंदवून रक्कम भरली’ असं लिहून सही केली, तारीख आणि वेळ टाकली, आणि चारही पायांचे, पंजांचे, शेडचे फोटो तिथेच काढले. मोबाइलच्या फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते.

तिथून सरळ सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. नागपूरकर या जागेला का विसरतात कळत नाही. 1958 पासूनचं कॉलेज आहे, शिकवणीचा दवाखाना आहे, फी नाममात्र आणि केसपेपर पक्का. रांग असते, बाकडी गरम असतात, रुमाल कोणी बांधत नाही. रक्त घेतलं, अर्थात पुढच्या पायावरचे थोडे केस काढून. स्लाइडवर गोचिडीच्या तापाचे जंतू दिसले नाहीत, प्लेटलेट्स व्यवस्थित. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सरळ सांगितल्या. एक, योग्य औषध मिळालं तर प्लेटलेट्स काही दिवसांत वर येऊ शकतात, तेव्हा आजचा रिपोर्ट ‘ताप नव्हताच’ हे सिद्ध करत नाही. दुसरी, रक्तात प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या तर मशीन आकडा खोटाच कमी दाखवतं, म्हणून स्लाइड पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. केसपेपरवर भाजलेले पंजे, गोचिडी आणि ‘शिरेतून औषध दिल्याची खूण नाही’ एवढं नोंदवून दिलं. तक्रारीत सगळ्यात जड कागद तोच आहे.

नंतर जीएसटीचं पाहिलं. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. बोर्डिंगवर लागू शकतो, पण मग बिलावर नंबर हवा. ज्याच्याकडे नंबर नाही त्याने 18 टक्के घेतले तर ते सरकारकडे जात नाहीत, खिशात जातात. हा मुद्दा लिहून नोटीस पाठवली आणि आठवडाभरात तेवढेच पैसे परत आले, ‘गुडविल म्हणून’. बाकीच्यावर चकार शब्द नाही.

‘डॉक्टरसाहेबां’चं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी मागितला. नाव आलं, क्रमांक आला नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच प्रॅक्टिस करता येते, पदविकावाल्यांना नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय आपल्याच नागपुरात आहे, तिथे विचारणा केली. त्या नावाचा माणूस नोंदवहीत सापडला नाही. तिथली तक्रार वेगळी चालू आहे. आधी आम्ही पोलीस ठाण्यातही गेलो होतो, “दिवाणी बाब आहे, तुम्ही आपसात पाहून घ्या” एवढं ऐकून आलो.

ढब्बूला फिरवताना हे सांगितलं तेव्हा आणखी दोन घरं निघाली. एकाकडून मायक्रोचिपचे पैसे घेतले होते, 15 आकडी नंबरचं कार्डही दिलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात स्कॅनर फिरवला तर कुत्र्यात चिपच नाही. दुसऱ्यांच्या मांजरीला ‘आयसीयू’ होता आणि बिल आमच्यासारखंच, ओळीला ओळ. रक्कम तेवढी निराळी.

यापुढे कुठे ठेवायची वेळ आलीच तर बोर्डिंग एकाकडे, डॉक्टर दुसरा, हे आम्ही ठरवलंय. संमतीच्या फॉर्मवर ‘₹2,000 च्या वरचा उपचार माझ्या डॉक्टरशी फोनवर बोलल्याशिवाय नाही’ हे स्वतःच्या हातानं लिहायचं आणि त्या डॉक्टरचा नंबर खाली टाकायचा. ज्याला हे चालत नाही, त्याच्याकडे कुत्रा ठेवायचा नाही. अचानक व्हिडिओ कॉल केला तर कुत्रा दाखवतील का, हेही ठेवण्याआधी विचारून घ्यायचं.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी विचारायचं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. तेव्हा ज्यांच्याकडे असं ‘एस्टिमेट’ लिहिलेलं बिल पडून असेल, त्यांनी ते फाडू नका. आमच्या तारखेला आणखी दोन-तीन बिलं सोबत असली तर पद्धत दाखवायला सोपं जाईल.