टाकाऊ प्लास्टिकपासून नॅनोनलिका की ग्राफीन?

टाकाऊ पॉलिथिनमध्ये वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. त्यापासून नॅनोपदार्थ करू पाहणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात: उत्प्रेरकावर नॅनोनलिका, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, वाढवणे किंवा विजेच्या झटक्याने ग्राफीन, म्हणजे एका अणूइतक्या जाडीचे कार्बनचे पापुद्रे, करणे. मी दोन्हींवर काम केले आहे आणि पुढील मत त्या अनुभवापुरतेच समजावे.

नलिकांच्या पद्धतीत प्लास्टिक नायट्रोजनमध्ये ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होते आणि त्याची वाफ ७०० ते ८०० अंशांवरील लोहाच्या किंवा निकेलच्या उत्प्रेरकावरून नेली जाते. नलिकांबरोबर हायड्रोजनयुक्त वायूही हाती येतो, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पीव्हीसीचे तुकडे कचऱ्यात राहिले तर त्यातील क्लोरीनमुळे उत्प्रेरक निकामी होऊ लागतो, पण काटेकोर वर्गीकरणाने तेवढे सांभाळता येते.

मला सांभाळता आली नाही ती धुलाई, म्हणजे नलिकांत उरलेला उत्प्रेरकाचा धातू आम्लाने काढून टाकणे. उत्प्रेरकाचे कण नलिकांच्या टोकांत आणि कार्बनच्या कवचांत अडकून बसतात, तिथवर हायड्रोक्लोरिक आम्ल पोहोचत नाही. पुन्हा पुन्हा आम्लात ढवळून, गाळून आणि धुऊनही नमुना हवेत जाळला की मुशीच्या तळाशी लोहाची तांबूस राख उरत असे. आम्ल तीव्र केले तर नलिकाच खराब होत. शिवाय प्रत्येक खेपेला धातुमिश्रित आम्लपाण्याची विल्हेवाट लावावी लागे. कचरा कमी करण्यासाठी हाती घेतलेले काम नवा कचरा निर्माण करते, हे मला फार खुपत राहिले.

झटक्याची पद्धत अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०२० साली मांडली. प्लास्टिक वीजवाहक नसल्याने त्याच्या भुकटीत थोडा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी वीजवाहक पूड) मिसळतात आणि कॅपॅसिटरमधील, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या घटकातील, वीज सोडली की एका सेकंदाच्या आत तापमान २,७०० अंशांच्या वर जाते. वस्तुमानाचा बराच भाग वायू आणि तेलकट बाष्प होऊन जातो, तो पकडण्याची सोय आधीच करावी लागते. एका वेळी माल थोडाच निघतो, हेही खरे. मात्र धातूचा उत्प्रेरक नसल्याने आम्लधुलाई उरत नाही, आणि ग्राफीनचे थर एकमेकांवर नेमके बसलेले नसल्याने ते द्रवात तुलनेने सहज सुटे होतात.

अत्यल्प प्रमाणात मिसळून वीजवाहक जाळे उभारायचे असेल, तर लांब नलिकांना पर्याय शोधणे कठीण आहे आणि तिथे धुलाईचा त्रास पत्करणे रास्त ठरावे. सिमेंट किंवा प्लास्टिकच्या मिश्रणात बळकटीसाठी भर घालायची असेल, तर मी स्वतः कॅपॅसिटरच्या संचापासून सुरुवात करीन.