जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली मनाची ओपीडी, 5 पैकी 4 स्टार

दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. पण जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते हेच मला पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं म्हणून लिहितोय, लोक मोबाइलच्या कव्हरचा पण रिव्ह्यू टाकतात अन् याचा कोणी टाकत नाही.

झालं असं की तिसरी पोलीस भरती हुकली. 1600 मीटर मस्त पळलो, लेखीत दोन मार्कांनी गेलो. घरी आलो अन् खाटेवर पडलो ते चार महिने. कापूस वेचायला माय रोजानं बाया लावून रायली अन् मी धडधाकट पोट्टा घरात पडून. आंघोळ नाही, घास जात नाही, रात्री तीनला जाग, डोक्यात एकच की आपण ओझं आहोत, नसलो तर घरच्यायचं बरं होईन. आजीनं मीठमोहरीनं नजर काढली. काका म्हणे "तुले काय कमी हाय बे, कामाले लाग". कामाला लागता आलं असतं तर लागलो नसतो का.

एका रात्री विचार लयच वाढले तेव्हा माझ्यासोबत सराव करणाऱ्या दोस्ताला सांगून टाकलं, तो गाडी काढून आला अन् 14416 लावून फोन माझ्या हातात दिला. टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलीय, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पहिले पाच मिनिटं मी नुसता रडलो, पलीकडून कोणी घाई केली नाही. जिल्ह्याला जा हे त्यांनीच सांगितलं.

सकाळच्या एसटीनं गेलो, मायचं अर्ध तिकीट, माझं पूर्ण. खोलीच्या बाजूलाच दातांची ओपीडी आहे, ही सोय भारी आहे, गावचा माणूस भेटला तर दाढ दाखवायला आलो म्हणायचं. मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा समोरचाच म्हणे मी पण इकडंच हाव, झोपेसाठी.

आत काउन्सेलर मॅडमनी एक कागद घेतला, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यात किती दिवस असं वाटलं ते सांगायचं, शून्य ते तीन मार्क. इथं पण मार्क! जास्तीत जास्त 27, अन् या परीक्षेत जास्त पडले की वाईट. सहावा प्रश्न असा की आपण हरलेले आहोत, घरच्यांची मान खाली घातली असं वाटतं का. मी खूप वेळ गप्प बसलो कारण मला वाटायचं हे फक्त माझ्याच डोक्यात आहे, अन् इथं तर छापील आलं होतं. नववा मरणाच्या विचारांचा, तो मॅडमनी सरळ विचारला, ताप किती दिवसांपासून आहे विचारावं तसा. विचारल्यानं विचार वाढत नाहीत, उलट छातीवरचं उतरलं माझ्या. मग डॉक्टरांनी मायला बोलावून घरात काय कुलपात ठेवायचं ते नीट सांगितलं, अन् पोरगा आळशी नाही, आजारी आहे, हे तिच्यासमोर म्हटलं. माय पदरानं डोळे पुसून म्हणे, "मंग आधी काऊन नाही सांगतलं बापू".

थायरॉइड अन् हिमोग्लोबिन तपासलं, त्यामुळंही असं होतं म्हणे. गोळ्या सुरू केल्या, आधीच सांगितलं की फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, अन् बरं वाटलं तरी निदान सहा महिने चालू ठेवायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. पहिला आठवडा बेकार, मळमळ, तोंड कोरडं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मायच्या हातचं पिठलं चवीला लागलं, बस एवढंच, पण चार महिन्यांनी लागलं.

आता एक स्टार का कापला. ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. रांग बाराला पण हलत नाही. एकदा गोळी संपली होती, बाहेरून घ्यावी लागली. अन् शिपाई भर व्हरांड्यात "मेंटलवाले इकडं या" ओरडतो, त्याला कोणीतरी समजवा बाप्पा. पैसे मात्र लागत नाहीत, सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

जगायचं कशासाठी याचं उत्तर मला कोणी दिलं नाही. केस पेपरवर पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली अन् डॉक्टर म्हणे, तोवर ये. मी आलो. मग पुढची दिली. मधल्या काळात तुरीला पाणी दिलं, बहिणीचा दहावीचा फॉर्म भरला, एकदा दोस्तासोबत ग्राउंडवर गेलो अन् दोन राउंडमध्येच दम लागला, पण हसलो.

माझी पुढची तारीख गुरुवारची आहे. कोणाला यायचं असेल तर साडेआठच्या आत केस पेपरच्या खिडकीपाशी या, उशीर केला तर नंबर साठच्या पुढं जाते. शेंगदाणे मी आणतो.